गट्टूच्या रस्त्याच्या ठेक्यात मधातच बदल करायचा आहे? मग मंजुरीचा क्रम असा लावा

काम सुरू होते, टिप्पर येते, शाळेच्या कंपाउंडला टेकून गट्टूचे (पेव्हर ब्लॉकचे) ढीग लागतात अन् मग कोणीतरी येऊन म्हणते, "सरपंच भाऊ, एवढं आणलंच हाय तं आमच्या दारापर्यंत वाढून द्या ना, काय जाते तुमचं?" सरपंच मान हलवतो, ठेकेदार "होते ना बाप्पा" म्हणतो, चार दिवसात काम होऊनही जाते, अन् त्यानंतर दीड वर्ष बिल अडकते. ठेकेदार फोन करून करून थकतो, जेई (कनिष्ठ अभियंता) साहेब म्हणतात इस्टिमेटात नाही, सचिव म्हणतो ठराव आहे ना, अन् ठराव उघडून पाहिला तं त्यात ना लांबी ना रक्कम, नुसतं "वाढीव कामास सर्वानुमते मंजुरी".

मी दोन टर्म सदस्य होतो, त्यातली एक उपसरपंच म्हणून, अन् हा घोळ स्वतः केलेला आहे. चौकातला रस्ता तोंडी सांगून अर्धा मीटर रुंद करून घेतला. काम चांगलं झालं, आजही शाबूत आहे, पण ऑडिटमध्ये आक्षेप लागला अन् सरपंच-सचिव दोघांच्या नावानं वसुली निघाली. खाल्लं कोणी नव्हतं, फक्त कागद कामाच्या मागून आला होता. तेव्हापासून आजूबाजूच्या गावातले लोक विचारायला येतात, अन् दरवेळी तेच तेच सांगतो, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो.

## टप्पा १: फाइल गोळा करा, अन् करारावर सही कोणाची ते पाहा

बदलाची चर्चा करायच्या आधी हे कागद एका जागी पाहिजेत: प्रशासकीय मान्यतेचं पत्र, तांत्रिक मान्यतेचं इस्टिमेट (आयटमवार पानं, फक्त गोषवारा नाही), निविदा, करारनामा, कार्यारंभ आदेश म्हणजे आपली वर्क ऑर्डर, अन् कामाचा मूळ ठराव. अर्ध्या ग्रामपंचायतींमध्ये करारनामा ठेकेदाराच्याच पिशवीत असतो. त्याच्याकडून झेरॉक्स मागायची वेळ येऊ देऊ नका, दप्तरी एक प्रत पाहिजेच.

आता करारनाम्याचं शेवटचं पान उघडा. काम देणारा म्हणून सही कोणाची आहे? ग्रामपंचायतीची असेल तं बदलाचा आदेश ग्रामपंचायतीकडून निघेल. पण टेंडर जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागानं किंवा सार्वजनिक बांधकाम विभागानं काढलं असेल तं गावातलं काम असूनही सरपंचाला त्यात एक गट्टू इकडचा तिकडं करायचा अधिकार नाही. तिथं तुमचा ठराव म्हणजे फक्त मागणी. बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात, सरपंच साइटवर उभा राहून सांगतो असं करा तसं करा अन् ठेकेदार करतो, पण पैसे द्यायचा अधिकार दुसऱ्याच ऑफिसात.

इशारा: सरपंच बाई असतील अन् साइटवर सूचना त्यांचे मालक (नवरा) देत असतील तं त्या सूचनेला कागदावर काडीची किंमत नाही. ठेकेदारानं ऐकलं तं त्याचं नुकसान, अन् वसुली लागली तं ती बाईंच्या नावानं, मालकाच्या नाही.

## टप्पा २: जागेवर जा, सगळे एकाच दिवशी

सरपंच, सचिव (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं, पण गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात), जेई, ठेकेदार किंवा त्याचा माणूस, त्या वॉर्डाचा सदस्य अन् ज्यांच्या दारासमोर बदल होणार त्यातले दोन-तीन लोक. वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे जाऊन काही उपयोग नाही, कारण प्रत्येकाचा रस्ता वेगळ्या झाडापासून सुरू होतो.

टेप धरून मोजा अन् तिथंच कागदावर उतरवा. कुठपासून कुठपर्यंत, रुंदी दर दहा मीटरवर किती, नाली कोणत्या बाजूला, पाण्याचा उतार कोणीकडं, नळाचे कनेक्शन कुठं आडवे जातात. आपल्याकडं काळी माती आहे हे विसरून इस्टिमेट केलेलं असते कधीकधी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, मुरूम कमी पडला तं वरचे गट्टू पहिल्याच वर्षी कंबर मोडल्यासारखे वाकतात. म्हणून बदल मागणारा फक्त लांबीबद्दल बोलत असला तरी दोन ठिकाणी फूट-दीड फूट खोदून पाहा, खरा बदल खालीच निघू शकतो.

फोटो काढा, टेप दिसला पाहिजे अन् मागं ओळखू येणारं काहीतरी (हातपंप, शाळेचं गेट, विजेचा खांब) दिसलं पाहिजे. मग स्थळ पाहणीचा एक पानाचा पंचनामा, सगळ्यांच्या सह्या, तारीख.

तपासा: वाढवायची जागा ग्रामपंचायतीची आहे का? नमुना २३ म्हणजे ताब्यातल्या रस्त्यांची नोंदवही काढा, त्यात तो तुकडा आहे का पाहा. नसेल तं तो कोणाच्या तरी खाजगी जागेतून जातो किंवा कोणी पुढं सरकून ओटा बांधला आहे. दोन्हीत आधी तो विषय मिटवा. खाजगी जागेवर सरकारी पैशानं गट्टू टाकले तं पुढं कोणी एकानं अर्ज केला की संपलं.

## टप्पा ३: बदलाची जात ओळखा

सगळे बदल म्हणजे "वाढीव काम" असं लिहून मोकळे होतात लोक, अन् तिथंच फाइल परत येते. चार जाती आहेत अन् चारींचा रस्ता वेगळा.

पहिली, मात्रा बदलणं. काम तेच, आयटम तोच, फक्त मीटर वाढले किंवा घटले. हे सगळ्यात सोपं.

दुसरी, नवीन आयटम. इस्टिमेटात नव्हताच, जसं रस्त्याखालून सिमेंट पाइप टाकून पाणी काढणं, किंवा कडेचे कर्ब बसवणं. याला एक्स्ट्रा आयटम म्हणतात अन् याचा दर वेगळा मंजूर करावा लागतो.

तिसरी, एकाच्या जागी दुसरं. काँक्रीटच्या जागी गट्टू, ८० मिमीच्या जागी ६० मिमी गट्टू. याच्यात सगळ्यात जास्त डोळे उघडे ठेवा. माणसं-सायकली जाणाऱ्या बोळीत ६० मिमी चालून जातो, पण जिथून कापसाचा ट्रॅक्टर नाहीतर भरलेली बंडी जाते तिथं ८० च पाहिजे. ठेकेदार म्हणतो ८० चा माल मिळून नाही राहिला, तं मिळेपर्यंत थांबा म्हणा. अन् खरंच ६० वर यायचं ठरलं तं दर पण ६० चाच लागला पाहिजे, गट्टू ६० चा अन् बिल ८० चं असं नको.

चौथी, जागाच बदलणं. मंजूर झालेला रस्ता मारुतीच्या देवळाजवळचा, अन् करायचा आहे आखरावरचा (गुरं जमतात तिथला). हा ठेक्यातला बदल नाहीच, हा मंजुरीतला बदल आहे. ज्यानं काम मंजूर केलं त्याच्याकडूनच दुरुस्ती येईल. २५१५ च्या (ग्रामविकास विभागाच्या मूलभूत सुविधांच्या निधीतल्या) कामांची यादी शासन निर्णयानं निघते, तिथं जागा किंवा कामाचं नाव बदलायचं तं शासनाचंच शुद्धिपत्रक लागते, गटविकास अधिकारी साहेबांना कितीही पेढे दिले तरी ते त्यांच्या हातात नाही. दलित वस्तीच्या निधीतलं काम वस्तीच्या हद्दीबाहेर सरकवता येत नाही. आदिवासी वस्त्यांसाठीच्या ठक्कर बाप्पा योजनेतल्या कामाचंही तसंच.

इशारा: वाढलेलं काम छोटे छोटे तुकडे पाडून वेगवेगळ्या नावानं दाखवायचं, म्हणजे टेंडर नको अन् वरची मंजुरी नको, हा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. ऐकू नका. ऑडिटवाले एकाच गल्लीतली, एकाच महिन्यातली, एकाच ठेकेदाराची तीन कामं पाहून लगेच ओळखतात.

## टप्पा ४: मात्रा अन् दर, इथं घाई नको

जेईकडून तुलनात्मक तक्ता करून घ्या. पाच रकाने: आयटम, मूळ मात्रा, सुधारित मात्रा, फरक, फरकाची रक्कम. जास्त झालेलं वेगळं, वाचलेलं वेगळं. ऑफिसात याला एक्सेस-सेव्हिंग म्हणतात. तक्त्यात फक्त वाढ दाखवून बचत लपवायची सवय आहे लोकांची, पण खोदकाम कमी लागलं असेल तं ते कमी दिसलंच पाहिजे.

आता एक उदाहरण घेऊ, आकडे फक्त हिशोब समजायला धरलेले. मूळ काम १८० मीटर लांब, २ मीटर रुंद गट्टूची वाट, म्हणजे ३६० चौरस मीटर. बदलात ३० मीटर लांबी वाढली, ६० चौ.मी. आणि शाळेच्या गेटसमोर ८ बाय ५ चं मोकळं आवार धरलं, ४० चौ.मी. एकूण ४६०.

बी-१ नमुन्याचा करार असेल, म्हणजे टक्केवारीवर भरलेलं टेंडर, तं त्यात खंड ३८ वाचा. त्याचा मतलब असा की एखाद्या आयटमची मात्रा टेंडरपेक्षा २५ टक्क्यांपर्यंत वाढली तं ठेकेदाराला टेंडरच्याच दरानं करावं लागते, दर वाढवून मागता येत नाही. ३६० चे २५ टक्के म्हणजे ९०, म्हणून ४५० पर्यंत जुना दर. वरचे १० चौ.मी. राहतात. त्याची टेंडर दरानं किंमत ५,००० रुपयांपेक्षा जास्त होते का ते पाहायचं. दर ८०० धरला तं ८,००० होतात, म्हणजे त्या १० चौ.मी. ला नवीन दर लागू शकतो, आणि तो चालू डीएसआरवरून (सरकारी दरसूचीवरून) काढायचा, डीएसआरमध्ये नसेल तं बाजारभावावरून, अन् त्यावर टेंडर जितके टक्के कमी किंवा जास्त गेलं तितके टक्के लावायचे. हेच एकूण ४५५ झालं असतं तं वरचे ५ चौ.मी. म्हणजे ४,००० रुपये, तं सगळंच जुन्या दरानं.

हे समजून घ्यायचं कारण की ठेकेदार नेहमी सगळ्या वाढीव कामाला नवीन दर मागतो. शंभर चौ.मी. वाढलं तं शंभरावर नाही, फक्त दहावर हिशोब होते. पण सगळे करार बी-१ नसतात अन् काही ठिकाणी विशेष अटीत टक्का बदललेला असतो, म्हणून माझं ऐकून आकडा टाकू नका, तुमचा करार वाचा.

एक्स्ट्रा आयटमसाठी खंड १४. तिथं दर म्हणजे डीएसआरचा किंवा दोघांच्या संमतीनं ठरलेला, त्यातला जो कमी असेल तो. डीएसआरमध्ये तो आयटमच नसेल अन् दर ठरायच्या आधी कामाचा आदेश दिला असेल तं आदेश मिळाल्यापासून ७ दिवसात ठेकेदारानं आपला दर कळवायचा असतो. दर मागताना रेट अ‍ॅनालिसिस मागा, म्हणजे गिट्टी किती, रेती किती, सिमेंट किती, मजुरी किती, गाडीभाडं किती. एका कोटेशनच्या चिठ्ठीवर "पाइप टाकणे, २८,००० रु." असं लिहून आणलं तं परत करा.

तपासा: तक्त्यातला प्रत्येक फरक टप्पा २ च्या पंचनाम्यातल्या मापाशी जुळतो का? एकही आकडा असा नको की ज्याला जागेवर बोट दाखवता येत नाही.

## टप्पा ५: पैसा कोणत्या खिशातून

हा प्रश्न ठरावाच्या आधी सोडवा, नंतर नाही. वाढीव रकमेत फक्त कामाची किंमत धरू नका. १८ टक्के जीएसटी (१८ जुलै २०२२ च्या आधी पंचायतीच्या अशा कामांना १२ होता, काही सचिव अजून जुन्याच एक्सेल शीटवर चालतात), १ टक्का कामगार उपकर, मुरूम-गिट्टीची रॉयल्टी, टेस्टिंगचा खर्च हे सगळं धरून आकडा काढा.

टेंडर १५ टक्के कमीनं गेलं तं उरलेले पैसे आपलेच, त्यातून वाढीव काम करू, हा गैरसमज फार आहे. ती बचत आपोआप आपली होत नाही. निधी ज्या योजनेचा आहे त्या ऑफिसची परवानगी लागते.

१५ व्या वित्त आयोगाचा (२०२१-२६ चा) पैसा असेल तं बंधित अन् अबंधित वेगळं पाहा. ६० टक्के बंधित आहे, तो पाणी अन् स्वच्छतेसाठी, त्यातून गट्टू टाकता येत नाहीत. रस्ता अबंधित ४० टक्क्यातूनच, अन् तो सुद्धा आराखड्यात असला पाहिजे. काम ई-ग्रामस्वराजवर (पंचायतीच्या आराखडा-हिशोबाच्या सरकारी पोर्टलवर) ज्या नावानं, ज्या रकमेनं चढलं आहे ते उघडून पाहा, कारण वाढीव रक्कम तिथं बसली नाही तं शेवटी सचिव अन् सरपंच दोघांच्या डिजिटल सह्या हातात असूनही पेमेंट निघत नाही.

स्वतःच्या ग्रामनिधीतून, म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टीच्या पैशातून फरक भरायचा असेल तं बजेटमध्ये तरतूद आहे का ते पाहा. बजेटात नसताना खर्च म्हणजे पुन्हा तोच आक्षेप.

## टप्पा ६: ठराव असा लिहा की परका माणूस वाचून काम मोजू शकेल

मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय स्वतंत्र नंबरानं पाहिजे. "अध्यक्षांच्या परवानगीने येणारे इतर विषय" मध्ये ढकलू नका, विरोधी गटाचा एक सदस्य पुरेसा असतो ते उचलून धरायला, अन् त्याचं बरोबरही असते.

ठरावात काय पाहिजे: मूळ कामाचं पूर्ण नाव जसं मान्यतेत आहे तसंच, वर्क ऑर्डरचा नंबर-तारीख, बदलाचं कारण एका वाक्यात, मूळ अन् सुधारित मात्रा, मूळ अन् सुधारित रक्कम, फरक कोणत्या निधीतून, मुदत वाढणार का अन् किती, सूचक-अनुमोदक, अन् शेवटी ही ओळ: "सक्षम प्राधिकाऱ्याची सुधारित मान्यता मिळाल्यावरच कंत्राटदारास लेखी आदेश देण्यात यावा." ही ओळ तुम्हाला वाचवते. मी नंतर प्रत्येक ठरावात टाकायला लावली.

नमुना म्हणून: "शाळा ते बस थांबा गट्टू रस्ता या कामात स्थळ पाहणी दि. ... नुसार शाळेच्या गेटसमोर पाणी साचत असल्याने ४० चौ.मी. व पुढील ३० मी. लांबीत ६० चौ.मी. अशी एकूण १०० चौ.मी. वाढ करणे आवश्यक आहे. मूळ ३६० चौ.मी., सुधारित ४६० चौ.मी. ..." असं. "जनतेच्या मागणीनुसार" हे कारण लिहू नका, त्याला तांत्रिक मान्यता देणारा विचारतो, जनता इस्टिमेट बनवताना कुठं होती.

एखाद्या सदस्याचा भाऊ, जावई किंवा भागीदार ठेकेदाराशी जोडलेला असेल तं त्यानं आधीच बाजूला व्हावं. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम १४ मध्ये पंचायतीच्या ठेक्यात प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हितसंबंध असला तं सदस्यत्व जाते, अन् "मी तं मतदान केलंच नाही" एवढ्यानं दरवेळी सुटका होत नाही.

पेसाच्या गावात (अनुसूचित आदिवासी क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा), म्हणजे गडचिरोलीत सगळीकडं नाही पण बऱ्याच भागात, मेळघाटात, यवतमाळ-चंद्रपूरच्या काही पट्ट्यात, मासिक सभेवर थांबू नका. १९९६ च्या पेसा कायद्यानं विकासकामांच्या योजनेला मंजुरी अन् खर्चाच्या विनियोगाचं प्रमाणपत्र ग्रामसभेकडून लागते. काम वाढलं, पैसा वाढला तं ग्रामसभेसमोर ठेवा, नाहीतर शेवटी प्रमाणपत्राला अडून बसतील, अन् तो त्यांचा हक्कच आहे.

तपासा: प्रोसिडिंग बुकात ठरावाच्या खाली कोरी जागा सोडलेली नाही ना? सही करायच्या आधी रेघ मारा.

## टप्पा ७: वरच्या मंजुऱ्या, एकामागून एक

आधी सुधारित इस्टिमेटला तांत्रिक मान्यता, मग गरज असेल तं सुधारित प्रशासकीय मान्यता. उलटं करू नका. प्रशासकीय मान्यता देणारा पहिला प्रश्न हाच विचारतो की इंजिनिअरनं पास केलं का.

सुधारित प्रशासकीय मान्यता कधी लागते? एकूण खर्च मूळ मान्यतेच्या रकमेच्या वर चालला, किंवा कामाचं स्वरूप-जागा बदलली की लागते. मान्यतेच्या पत्राखाली अटी असतात, बारीक अक्षरात, त्यात किती फरक चालतो ते लिहिलेलं असते. तिथं शांततेनं बसून वाचा. मात्रा वाढूनही बचतीमुळं एकूण रक्कम मूळच्या आतच बसत असेल तं काम बरंच हलकं होते, म्हणून टप्पा ४ मध्ये बचत लपवू नका म्हटलं.

प्रस्तावात पंचनामा, फोटो, तुलनात्मक तक्ता, रेट अ‍ॅनालिसिस, ठरावाची प्रत, सुधारित नकाशा अन् मूळ मान्यतेच्या प्रती. पंचायत समितीत फाइल दिली की पोच घ्या, आवक नंबरासकट. "ठेवून द्या टेबलवर, पाहतो" असं म्हणणाऱ्याच्या टेबलवर फाइल ठेवून यायची नाही. आवक लिपिकाकडं जा. माझ्या एका प्रस्तावाची फाइल तीन महिने कोणाच्याच टेबलवर नव्हती, कारण ती कधी आवकच झाली नव्हती.

वेळेचा अंदाज घेऊन चाला. मार्चएंडला प्रत्येक ऑफिस देयकात बुडालेलं असते, मधात आचारसंहिता लागली तं नवीन मंजुरी थांबते, अन् जूनच्या मधोमध पाऊस आला की खोदलेली गल्ली म्हणजे बोडी (छोटं तळं). म्हणून फेब्रुवारीनंतर बदल सुचला तं मनाला विचारा की हा बदल खरंच याच ठेक्यात पाहिजे का, की पुढच्या वर्षीच्या आराखड्यात वेगळं काम म्हणून घेतलं तं चालेल. दहातल्या सहा वेळा माझ्या मते दुसरंच बरं असते.

## टप्पा ८: लेखी आदेश अन् पूरक करारनामा

मान्यता हातात आली की ठेकेदाराला लेखी आदेश. खंड १४ मध्येही बदलाच्या सूचना लेखी अन् प्रभारी अभियंत्याच्या सहीच्याच धरल्या आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर "भाऊ चालू करा" हा आदेश नाही.

आदेशात मात्रा, दर, रक्कम, मुदत. काम वाढलं तं त्या प्रमाणात मुदतही वाढवून मिळते, पण ठेकेदारानं मागितली अन् तुम्ही लिहिली तं. मुदत वाढवायचं विसरले की बिलाच्या वेळी उशिराचा दंड लागतो अन् मग तो तुमच्याच नावानं बोंब मारतो. मुदत संपून गेल्यावर मागची तारीख टाकून मुदतवाढ देऊ नका.

पूरक करारनामा स्टॅम्पवर. शंभराच्या स्टॅम्पची सवय असेल तं सोडा, ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात किमान ५०० चा लागतो, अन् रकमेनुसार जास्तही लागू शकतो. त्यात मूळ कराराच्या बाकी अटी तशाच राहतील हे वाक्य असू द्या, खासकरून दोषदायित्वाची मुदत. नाहीतर दोन वर्षांनी गट्टू खचले की ठेकेदार म्हणतो जुन्या तुकड्याचं करतो, नवीन तुकडा माझ्या करारात नव्हता.

## टप्पा ९: झाकायच्या आधी मोजा

गट्टू बसले की खालचा मुरूम किती इंच, रेतीचा थर किती, पाइप कोणत्या साइजचा, हे देवालाच माहीत. म्हणून वाढीव तुकड्याचे थर वेगळे मोजा अन् एमबीत (मोजमाप पुस्तकात) त्याच दिवशी चढवा. खोदाई झाली, मोजा. मुरूम दाबला, मोजा. पाइप टाकला, वरून माती लोटायच्या आधी मोजा अन् फोटो. जेई दररोज येऊ शकत नाही हे मान्य, त्याच्याकडं वीस गावं असतात, पण त्याला थर झाकायच्या आदल्या दिवशी फोन करा अन् तो येईपर्यंत ठेकेदाराला पुढं जाऊ देऊ नका.

काँक्रीट असेल तं त्याच दिवशी १५० मिमीचे क्यूब भरून घ्या, ७ अन् २८ दिवसांच्या टेस्टसाठी. वाढीव भागाचे क्यूब वेगळे, मूळ कामाचा जुना रिपोर्ट लावून चालत नाही. अन् पाणी मारायचं पाहा. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात, जेव्हा गावात प्यायलाच टँकर चालू असतो, तेव्हा ओतलेल्या काँक्रीटवर किमान पंधरा दिवस आळे बांधून पाणी कोण ठेवणार हे आधी ठरवा. कोणी नसेल तं वाढीव काम तेव्हा ओतूच नका.

इशारा: काम झाल्यावर अंदाजानं भरलेली एमबी ओळखू येते. सगळी मापं गोल, सगळ्या तारखा एकाच शाईत, अन् एक तारीख पोळ्याच्या दिवसाची.

## टप्पा १०: बिल

बिलात मूळ आयटम, २५ टक्क्यांच्या आतली वाढ, त्यावरची वाढ अन् एक्स्ट्रा आयटम असे चार भाग वेगळे दाखवा. सोबत सुधारित मान्यता, आदेश, पूरक करारनामा, एमबीची पानं, टेस्ट रिपोर्ट, आधी-मधात-नंतरचे फोटो. प्रत्यक्ष मोजलेली मात्रा मंजुरीपेक्षा कमी भरली तं कमीचंच बिल. ४६० मंजूर आहे म्हणून ४५२ चे ४६० करायचे नाहीत. अन् जास्त भरली तं मंजुरीपर्यंतच, वरचे चार-सहा चौ.मी. ठेकेदारानं स्वतःच्या हौसेनं केलेले समजायचे, हे त्याला काम सुरू व्हायच्या आधीच सांगून ठेवा.

## रात्रीतून करावंच लागलं तं

कधी कधी खरंच थांबता येत नाही. खोदताना पाण्याची मेन लाइन फुटली, किंवा अर्ध्यात पाऊस आला अन् शाळेत पाणी शिरतं आहे. तेव्हा जेईला फोन करा, त्याच्या तोंडी होकारानंतर तेवढंच तातडीचं काम करा, सरपंच-सचिवांच्या सहीचं पत्र त्याच दिवशी मेल किंवा हातोहात द्या, साइटच्या वहीत वेळ लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या अन् पुढच्याच सभेत कार्योत्तर मान्यतेसाठी ठेवा. फुटलेली लाइन जोडणं हे तातडीचं. लाइन जोडता जोडता पलीकडच्या गल्लीत तीस मीटर गट्टू टाकणं हे तातडीचं नाही, अन् कार्योत्तर मान्यता मागणाऱ्या फाइलींमध्ये मी तरी जास्त करून हे दुसरंच पाहिलं.

सगळं मिटलं की नमुना २३ काढा अन् त्या रस्त्याची लांबी-रुंदी नवीन मापानं दुरुस्त करून सचिवाची सही घ्या. नाहीतर पुढच्या वर्षी नवीन सरपंच तोच तुकडा पुन्हा आराखड्यात टाकतो.